शेंदराच्या खपल्या

आमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात. चहा झाला, पानसुपारी फिरली की कोणीतरी काढतंच, "आजीची इंजिनाची गोष्ट ऐकली का?" आणि मी तोंड उघडायच्या आत ती सांगूनही होते. सगळे हसतात, माझं कौतुक करतात. मला त्या वेळी उठून परड्यात जावंसं वाटतं. ते सांगतात तशी ती घडलीच नाही. घडली तशी सांगायची तर त्यात कौतुकाचं काही नाही, नुसती लाज आहे. तर तशीच सांगते.

माझं माहेर माणातलं, दुष्काळी मुलखातलं. आमच्याकडे घागरभर पाण्याला बायका उन्हातान्हात ओढ्यातले झरे उकरत बसायच्या. लग्न होऊन मी आले सांगलीजवळ, कृष्णाकाठच्या गावात. मळ्यातच घर, घराला लागून गोठा, गोठ्याच्या पुढं विहीर आणि विहिरीवर इंजिन. ते पहिल्यांदा चालू झालं तेव्हा मी दचकून दारामागं गेले होते. पाटात पाणी पडायला लागलं आणि मी वेड्यासारखी बघत राहिले. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "मानातली हाय. पानी बगून डोळं फिरलं तिचं." तेव्हापासून काहीही चुकलं की मी मानातली. भाकरी करपली, मानातली. दूध उतू गेलं, मानातली. मीही काही गरीब गाय नव्हते, पण सून म्हणून आलेल्या पोरीनं जीभ दाताखाली धरायची असते, ती धरली होती.

इंजिन म्हणजे सासऱ्यांचा जीव की प्राण. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. पहिल्या मोठ्या लढाईत ते हवालदार होते, त्यामुळं घरात बोलणं थोडं आणि हुकूम फार. त्यांच्यासमोर कोणी मान वर करून बोलत नसे. त्यांचा कर्तासवरता मुलगाही नाही. असा हा कडक माणूस दसऱ्याला मात्र इंजिनाला लेकरासारखं न्हाऊ घालायचा. मग गोड्या तेलात शेंदूर कालवून स्वतःच्या हातानं इंजिनाच्या डोक्याला, झाकणांना, नळ्यांच्या तोंडांना फासायचा. नारळ फोडायचा. गावच्या म्हसोबाला नसेल इतका शेंदूर आमच्या इंजिनाला होता.

आता यात मेख अशी, की इंजिन बसवताना मिस्त्रीनंही शेंदूरच वापरला होता. त्या काळी लोखंडाच्या दोन तुकड्यांच्या सांध्यातून पाणी किंवा तेल गळू नये म्हणून जवसाच्या तेलात शेंदूर मळायचे, सुतळीला चोळायचे आणि सांध्यात दाबून वर पेच आवळायचे. तो वाळला की दगड. मिस्त्रीचा शेंदूर सांध्यात, मामंजींचा त्याच्यावर. वर्षं गेली, धूर बसला, धूळ बसली आणि दोन्ही एकजीव झाले. देवाचा कुठला आणि कामाचा कुठला, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

मग दुसरी लढाई लागली. रॉकेल रेशनवर गेलं, इंजिनाचं सामान मिळेना आणि चांगले मिस्त्री सगळे पलटणीत गेले. आमचे हेही गेले. फौजेच्या गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात त्यांना घातलं होतं. लग्नानंतर आम्ही एकत्र राहिलो किती, तर नुसता वास लागावा इतकं. मी त्यांना पुरतं ओळखतही नव्हते. एका उन्हाळ्यात ते रजेवर आले आणि नेमकं तेव्हाच इंजिन रुसलेलं. सांध्यांतून पाणी गळायचं, आतल्या तेलात उतरायचं, तेल ताकासारखं पांढरं व्हायचं. इंजिन चार वेळा खोकलं की बंद. ऊस माना टाकायला लागला होता. मामंजींनी मुलाला घरात पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं, "पलटणीत शिकलास म्हंतोस नव्हं? मग काढ दुरुस्त करून."

ह्यांनी इंजिन खोललं. मोठं डोकं बैलगाडीत घालून सांगलीला घासून आणायला नेलं. मागं राहिले ते बारके तुकडे: झाकणं, नळ्यांची तोंडं, पितळी चकत्या, तेलाच्या पंपाचे भाग. प्रत्येकावर त्या शेंदराचा जाड थर. हे सांगलीहून परत येऊन ते तुकडे समोर मांडून बसले आणि डोक्याला हात लावला. जुना थर कणभरही राहिला तर नवा सांधा बसत नाही. रजा संपत आलेली. माणसं सगळी उसाला मोटेनं पाणी पाजायला जुंपलेली.

आणि मी रिकामी होते. कारण मला कावळा शिवला होता. आमच्या सासरी त्या बाबतीत लय कडक. बाईनं गोठ्याच्या कडेच्या पडवीत बसायचं, चौथ्या दिवशी न्हाऊन मगच घरात यायचं. भाकरी लांबून टाकणार, पाणी वरून ओतणार. कशालाही शिवायचं नाही. दिवसभर गुरांची शेपटं बघत बसायचं. माहेरी आम्हाला इतकं सोवळं परवडायचं नाही. बाया त्या दिवसांत रानात खुरपायलाही जायच्या. इथं मात्र बसून बसून जीव आंबायचा.

पण एक सांगते, खोटं कशाला बोलू? त्या पडवीतच मला माझा नवरा भेटला. घरात सासूबाईंच्या डोळ्यांसमोर आम्ही एकमेकांशी शब्द बोलत नव्हतो. बाजूला बसलेल्या बाईकडं मात्र कोणी फिरकत नाही. हे इंजिनापाशी काम करता करता लांबूनच बोलायचे. कारखान्यातल्या गमती सांगायचे, साहेबाची नक्कल करायचे. मी पदर तोंडात कोंबून हसायचे.

बोलता बोलता म्हणाले, "नुसती बसलीयासच तर एवढं खरवडून दे की."

मी म्हटलं, "आवं, माझा हात चालंल का? मी बाजूला हाय."

तर हे हसले आणि म्हणाले, "लोखंडाला कसला आलाय इटाळ!"

त्यांनी तुकड्यांचं घमेलं जमिनीवर ठेवलं, काठीनं माझ्याकडं सरकवलं आणि मागं झाले. म्हणजे शिवाशिव नाही. मी इतकी हरखले म्हणून सांगू! नवऱ्यानं काम सांगितलं होतं. काम सांगितलं म्हणजे मी त्यांना काहीतरी वाटत होते, असं माझं तेव्हाचं डोकं.

धुण्यात घालवावं इतकं रॉकेल नव्हतं, म्हणून त्यांनी राखेचं पाणी कढत करून त्यात तुकडे भिजत घालायला सांगितलं होतं. राखेनं भांड्याचा ओशटपणा जातो तसा जवसाच्या तेलाचा चिवटपणाही सुटतो. मग बांबूच्या कामट्या. लोखंडाचं काही लावायचं नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. ओरखडा पडला की पाणी तिथूनच वाट काढतं. कामटी तिरकी धरायची, थर कडेनं उचलायचा, जोर करायचा नाही. आधी वरची काळपट साय निघायची, मग तांबडी खपली सुटायची, मग आत चिकटलेली सुतळी. सुतळीचा तंतू न् तंतू नखानं ओढून काढायचा. शेवटी ओल्या फडक्यानं पुसून नख फिरवून बघायचं. नख कुठं अडलं नाही म्हणजे झालं. एखादी खपली अख्खी निघाली की मला लहान पोरीसारखा आनंद व्हायचा. माझे हात मनगटापर्यंत तांबडे झाले. पुसून कोरडं केलेले तुकडे मी पोत्यावर ओळीनं मांडले. हे लांबून बघून म्हणाले, "वा! आमच्या कारखान्यात असं काम करणारा गडी न्हाई." मी दिवसभर त्या एका वाक्यावर होते.

संध्याकाळी सासूबाई भाकरी घेऊन आल्या. भाकरी टाकायला वाकल्या आणि माझे हात बघून तशाच राहिल्या.

"हे काय गं?"

"इंजानाचं हाय, आत्याबाई. जुनं काढतीया."

"इंजानाचं? आगं, शेंदूर हाय त्यो! द्येवाचा शेंदूर! आन् तू ह्या असल्या हातानं..."

त्यांनी जी बोंब ठोकली, ती मोटेवरच्या माणसांपर्यंत गेली. मामंजी धावत आले. त्यांच्यामागून भावकीतले दोघं आले, शेजारच्या मळ्यातला म्हातारा आला. सगळे पडवीसमोर गोळा झाले आणि सासूबाई सगळ्यांदेखत सांगायला लागल्या, की ही बाजूला बसली आहे, कालपासून बसली आहे आणि हिनं देवाच्या अंगावरचा शेंदूर खरवडला आहे. जी गोष्ट बाई बाईच्या कानातसुद्धा खाली मान घालून सांगते, ती पाच पुरुषांसमोर सांगितली जात होती. ती पाचही माणसं आधी माझ्या हाताकडं, मग दुसरीकडं बघायला लागली. मी हात पदराखाली घेतले, तर पदराला तांबडं लागलं. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामंजी ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "कुनी सांगितलं तुला हे?"

हे तिथंच उभे होते. इंजिनाच्या चाकापाशी, हातात फडकं घेऊन. मी त्यांच्याकडं बघितलं. मला जास्त काही नको होतं. त्यांनी मला सांगितलेलं तेच वाक्य तिथं म्हणायचं होतं. बाकीचं सगळं मी सोसलं असतं. शिव्या, उपास, वाटेल ते. मी वाट बघत होते.

मामंजींनी पुन्हा विचारलं, या वेळी ह्यांच्याकडं वळून. "तू दिलंस व्हय रं?"

हे फडक्याकडं बघत म्हणाले, "दिलं. पन मला ठावं न्हवतं, ती बाजूला बसलीया म्हून."

कोणीतरी खाकरलं. भावकीतला एक जण तोंडावर उपरणं धरून हसला. कालपासून बायको गोठ्याच्या पडवीत बसली आहे, लांबून भाकरी खाते आहे आणि नवऱ्याला ठाऊक नाही! शेंबड्या पोराला पटलं नसतं. पण मामंजींनी ते मानलं, कारण त्यांना मानायचंच होतं. मुलाची चूक नाही, म्हणजे राहिली कोण? मानातली.

मला तेव्हा स्वतःची लाज वाटली नाही, ह्यांची वाटली. अंगावरचं वस्त्र फिटल्यासारखी वाटली. आज मला कळतं, की त्या घरात बापापुढं बायकोची बाजू घेणाऱ्याला लोकांनी बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणून जन्मभर चिडवलं असतं. कळतं, पण वळत नाही. ज्या माणसाला चार दिवसांत पुन्हा लढाईवर जायला भीती वाटली नाही, त्याला हे एवढं वाक्य म्हणायची भीती वाटली.

पुढं जे झालं त्यावर हसावं की रडावं, सांगता येत नाही. सासूबाईंनी गोमूत्राचा तांब्या आणला आणि पोत्यावर मांडलेल्या माझ्या त्या चकचकीत तुकड्यांवर ओतला. वर तुळशीपत्र टाकलं. ताज्या घासलेल्या लोखंडावर गोमूत्र ओतलं की काय होतं, हे ह्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांच्या तोंडाचा रंग गेला. एक पाऊल पुढंही आले. मामंजींनी वळून बघितलं आणि हे जागच्या जागी थांबले. सकाळी लोखंडाचे सगळे तुकडे गंजून विटकरी झाले होते, पितळेवर हिरवे डाग पडले होते.

मग ह्यांनी ते एकट्यानं पुन्हा खरवडले. मी पडवीतून बघत होते. आम्ही आता बोलत नव्हतो. वेळ नव्हता म्हणून त्यांनी कामट्या टाकल्या आणि खुरप्याचं टोक लावलं. जे मला करू नको म्हणून बजावलं होतं तेच. पितळेवर आणि लोखंडावर ओरखडे पडलेले मला लांबून दिसत होते. इंजिन चालू झालं. मामंजींनी नारळ फोडला. सांध्यातून पाणी ठिबकत होतं, पण आनंदात ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी न्हाऊन घरात आले, तेव्हा हे बूट चढवत होते. जाताना दारापाशी थांबले. मी तोंड फिरवून चुलीत लाकूड सारलं. ते गेले. लढाईवर चाललेल्या माणसाकडं मी बघितलंसुद्धा नाही, हेही मला नंतर रात्रंदिवस खायला उठायचं.

पाऊस होऊन गेला. दिवाळीच्या सुमाराला ठिबकणाऱ्या सांध्यानं पुन्हा घात केला. मामंजी सांगलीहून एक वयस्क मिस्त्री घेऊन आले. त्यानं इंजिन बघून सांगितलं, "हवालदारसाहेब, सांधा मी भरतो. पन आधी हे समदं जुनं काढून ठेवा. उद्या येतो. नीट काढा, मागच्या खेपेला कुनी तरी खुरप्यानं नास केलाय."

मामंजी अंगणात उभे राहून मिशा कुरवाळत होते. मी ओसरीच्या दारामागं तांदूळ निवडत होते, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सासूबाईंना हाक मारली आणि मिस्त्रीदेखत खणखणीत आवाजात विचारलं, "आगं, ही पुन्यांदा बाजूला कवा बसनार हाय, बघ जरा."

सासूबाई बोटांवर दिवस मोजायला लागल्या. अंगणात. परक्या माणसासमोर. मोजता मोजता मोठ्यानं म्हणाल्या, "आजून आठ दिस तरी न्हाई." मामंजी म्हणाले, "आठ दिस? तवर ऊस जळंल."

म्हणजे त्यांना माझं काम पटलं होतं! गंज चढायच्या आधीचे तुकडे त्यांनीही बघितले होते. पण घरच्या सुनेला इंजिनाचं काम कसं सांगायचं? चार दिवस ती टाकलेली असते तेव्हा सांगता येतं, असा त्यांचा हिशेब. एकदा गोमूत्रानं निभावलं, पुन्हा निभावलं असतं. माझ्या कानशिलांतून जाळ निघाला. आता माझी अडचणसुद्धा पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखी अंगणात ठरणार होती.

मी सूप खाली आदळलं आणि दारात आले. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. म्हटलं, "मामंजी, आत्ताच द्या. बाजूला बसायची वाट कशाला बगता? लोखंडाला कसला आलाय इटाळ!"

बोलून गेले. मिस्त्री खाली बघून पिशवी आवरायला लागला. सासूबाईंचं बोट मोजता मोजता तसंच वर राहिलं. मामंजी माझ्याकडं वळले. मग त्याच हळू आवाजात म्हणाले, "कुनी सांगितलं तुला हे?"

तोच प्रश्न. तेच मामंजी. नाव माझ्या जिभेवर होतं. तुमच्या मुलानं सांगितलं, एवढं म्हटलं असतं तर माझ्यावरचा सगळा डाग तिथल्या तिथं धुऊन निघाला असता. आणि मग ह्यांचं ते "मला ठावं न्हवतं" उघडं पडलं असतं, बापासमोर, परक्या मिस्त्रीसमोर. आणि हे कुठल्या मुलखात, जिवंत आहेत की नाहीत, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मला ते करवेना. मला त्यांची इतकी लाज वाटत होती, की ती दुसऱ्या कोणाला दिसू द्यायची माझी तयारी नव्हती.

मी म्हटलं, "कुनी न्हाई. माझं मलाच वाटलं."

मामंजींनी घमेलं भरून आणलं. मी त्या दिवशी बाजूला नव्हते, न्हाऊनमाखून घरात होते. तरी त्यांनी ते लांब ठेवलं आणि काठीनं माझ्याकडं सरकवलं.

लढाई संपली, हे सुखरूप परत आले. पहिल्याच दिवशी जेवताना मामंजींनी त्यांना सांगितलं, "तुजी बायकू लय तिखट हाय. मला म्हनती, लोखंडाला कसला आलाय इटाळ." मी वाढत होते. माझा हात थांबला. ह्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "व्हय का?"

पुढं मामंजी गेले, सासूबाई गेल्या, मळा वाटला गेला, आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहायला आलो. आता पाहुणे आले की हेच ती गोष्ट सांगतात. मोठ्या अभिमानानं सांगतात. "आमच्या हिनं माझ्या बापाला तोंडावर सुनावलं. त्या काळात! कुठनं सुचलं हिला, देव जाणे." नातसुना माझ्या गळ्यात पडतात.

ते विसरले असतील, अशी मी कितीतरी वर्षं मनाची समजूत घातली. पण विसरलेला माणूस ते सांगताना माझ्याकडं बघून हसला असता. मी दरवेळी त्यांच्याकडं बघते. तशीच, वाट बघत. सगळे माझ्याकडं बघत असतात आणि हे अडकित्त्यात सुपारी धरून खाली मान घालून कातरत बसतात.